दूध संस्थेची ओळ बायोडेटात का नाही?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बायोडेटा मिळाला. दोनदा वाचला. नाव, पत्ता, बी.कॉम. तृतीय वर्ष, दहावी-बारावीचे टक्के, एमएस-सीआयटी, टॅली, आवड : वाचन व संगीत. ‘अनुभव’ या शब्दापुढे तू ‘नाही’ असं लिहिलंयस. सोबतच्या चिठ्ठीत विचारलंयस, “मॅडम, परीक्षेला चार महिने राहिलेत. आता कोणता कोर्स केला म्हणजे नोकरी लागेल?”

तुमच्या कॉलेजात मी बोलायला आले होते, तेव्हा चहाच्या वेळी तू मला काय सांगितलंस ते आठव. वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव. सकाळ-संध्याकाळ तू त्यांच्या मदतीला असतेस. दूध मापायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) बघून दरपत्रकावरून दर लावायचा, दहा दिवस भरले की सभासदवार बिल काढायचं, पशुखाद्याची उचल त्यातून वजा करायची. एका आजोबांचं बिल चाळीस रुपयांनी कमी निघालं म्हणून ते रागावून गेले, तेव्हा तू वही घेऊन त्यांच्या घरी गेलीस आणि कोणत्या दिवशी फॅट किती लागली ते एकेक ओळ दाखवलीस. दोन वर्षं हे काम करतेयस. मग ‘अनुभव : नाही’ कशासाठी लिहिलंस?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी अकाउंट्स बघते. नवीन मुलं घ्यायची वेळ आली की समोर बायोडेटांचा गठ्ठा येतो. बहुतेक एकसारखे असतात, एकाच झेरॉक्सच्या दुकानात एकाच नमुन्यावरून टाइप केलेले. त्या गठ्ठ्यात ‘दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं दोन वर्षं काढली, सभासदांच्या तक्रारी समोर बसून सोडवल्या’ अशी ओळ दिसली असती, तर मी तोच कागद पहिला बाजूला काढला असता. आकडे चुकले तर समोरच्या माणसाच्या घरात काय होतं, हे त्या मुलीला कळतं, एवढं मला त्या एका ओळीतून समजलं असतं.

दूध मापण्याचं काम लिहायला तुला संकोच वाटला असावा. वाटू देऊ नकोस. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती याच आपल्या भागात, कराडजवळच्या काल्यात. त्यांच्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबून शिकली. काम करत शिकणं लपवायची रीत आपल्याकडे कधीच नव्हती, ती अलीकडे कुठून आली कळत नाही.

आता कोर्सबद्दल. माझं म्हणणं स्पष्ट सांगते : या चार महिन्यांत नवीन कोर्स करू नकोस. टॅलीचा झालाय, तेवढा पुरे. त्याऐवजी गावातल्या एखाद्या सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात जा आणि म्हण, “मला एका व्यापाऱ्याचा एक महिना पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचाय.” पैशाचं पहिल्या दिवशी बोलू नकोस. पण फुकट किती दिवस बसायचं हे मनाशी ठरवून जा. दोन महिन्यांच्या वर कोणी तुझ्याकडून काम करून घेत असेल तर त्याचे पैसे मागायचे, आणि मागताना मान खाली घालायची नाही.

‘एक महिना’ म्हणजे काय ते सांगते, कारण कॉलेजात हे कोणी सांगत नाही. विक्रीची आणि खरेदीची बिलं येतात, ती टॅलीत चढवायची. ७ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा टीडीएस, म्हणजे कोणाला पैसे देताना कापून ठेवलेला कर, भरायचा. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे आपण कोणाला काय विकलं त्याचा तपशील. १४ ला जीएसटी पोर्टलवर २बी तयार होतं, आपल्या पुरवठादारांनी आपल्या नावावर काय दाखवलंय त्याचा उतारा. कामगार असतील तर १५ ला त्यांचा पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा. मग २० ला जीएसटीचं ३बी, कर भरायचा आणि विवरणपत्र द्यायचं. हे चक्र एकदा स्वतःच्या हाताने फिरवलं की पुस्तकातल्या धड्यांचा एकमेकांशी संबंध लागतो. तुमच्या गावातले बरेच व्यापारी तिमाही विवरणपत्रवाले असतील, पाच कोटींपर्यंत उलाढाल असली की ती मुभा असते. मग तिमाही संपेपर्यंत बस, अर्धवट सोडून येऊ नकोस.

यातलं सगळ्यात शिकण्यासारखं काम म्हणजे २बीची जुळवणी. एका बाजूला आपलं खरेदीचं रजिस्टर, दुसऱ्या बाजूला २बी, एक्सेलमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी लावायचे. समज, एक लाखाचं बिल आहे आणि १८ टक्क्यांनी १८ हजारांचा कर आपण पुरवठादाराला देऊन बसलोय. ते बिल त्याने त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये चढवलंच नाही, किंवा आपल्याऐवजी दुसऱ्याच कोणाच्या जीएसटी क्रमांकावर चढवलं, तर २बीत ते दिसत नाही आणि ते १८ हजार त्या महिन्यात आपल्याला भरायच्या करातून वळते करून घेता येत नाहीत. मग कोणीतरी फोन उचलून त्या पुरवठादाराच्या ऑफिसात बोलावं लागतं. पलीकडचा म्हणतो, “आम्ही भरलंय.” तेव्हा न चिडता बिलाचा नंबर, तारीख, रक्कम सांगून त्याला त्याच्या स्क्रीनवर ती ओळ शोधायला लावायची. आमच्याकडे टॅली येणारी मुलं पुष्कळ येतात. हा फोन नीट करणारं मूल क्वचित मिळतं. आजोबांच्या घरी वही घेऊन गेलीस, तेव्हा तू दुसरं काय केलंस?

बिलं वाचून आपोआप नोंदी करणारी सॉफ्टवेअरं आता आलीत, आमच्याकडेही आहेत. नुसत्या एन्ट्रीची कामं कमी होतायत, हे तुला सांगायलाच हवं. म्हणून तर जुळवणी आणि विचारपूस या दोन गोष्टींवर मी एवढा भर देतेय.

मुलाखतीबद्दल थोडं. मी पहिला प्रश्न साधा विचारते : निपाणीच्या व्यापाऱ्याकडून माल घेतला, शिरोलीत उतरवला, बिलात कर कोणता लागेल? पुष्कळ मुलं सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात लागणारा कर म्हणतात, कारण निपाणी त्यांना आपलीच वाटते. निपाणी कर्नाटकात आहे. त्या व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होणार, आपला २७ ने, राज्य बदललं म्हणजे आयजीएसटी. तू तर सीमेजवळचीच आहेस, तुमच्या बाजारपेठेत अशी बिलं रोज येतात. बाजारात गेलीस की बिलांवरचे ते पहिले दोन आकडे बघायची सवय लाव. पुढची दहा अक्षरं पॅनची असतात, तेही एकदा पडताळून बघ.

नंतर मी एक बँक स्टेटमेंट आणि त्याच महिन्याचं खातं हातात देते आणि फरक शोधायला सांगते. वीस मिनिटं. सापडला नाही तरी चालतं. मी बघत असते की मूल कुठून सुरुवात करतं, आणि अडलं की विचारतं का.

हे मी स्वतः एका चुकीतून शिकले. १९९२ साली बी.कॉम. होऊन शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानात लागले. शेतकऱ्याची पट्टी लिहायचं काम होतं : रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा. एका संध्याकाळी हिशेब १८० रुपयांनी जुळेना. विचारायची लाज वाटली, म्हणून मी तीन तास त्याच वह्या वर-खाली करत बसले. शेवटी दिवाणजींनी दिवा घालवायला आल्यावर विचारलं, “फरक किती?” मी सांगितलं. ते म्हणाले, “नवाने भाग लाव.” भाग गेला, वीस आले. “मग बहुधा शेजारचे दोन आकडे उलटे लिहिलेत. शतक आणि दशक बघ, दोघांत दोनाचा फरक असलेले.” पाच मिनिटांत सापडलं. खात्यात ५,६४० होते, पट्टीवर मी ५,४६० लिहिले होते. शेतकऱ्याला १८० रुपये कमी गेले होते. पुढच्या बाजाराच्या दिवशी दिवाणजींनी मला त्या माणसासमोर उभं केलं आणि पैसे माझ्या हातून द्यायला लावले. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्या माणसाने नोटा मोजून कोपरीच्या खिशात घातल्या, तो हात मला अजून दिसतो.

तेव्हा मुलाखतीत एखादी गोष्ट येत नसेल तर “हे मी केलेलं नाही, पण याच्या जवळचं अमुक केलंय” असं सांग. आणि बायोडेटात ‘एक्सेलमध्ये पारंगत’ लिहू नकोस, ‘एक्सेलमध्ये व्हीलूकअप वापरून दोन याद्या जुळवल्या’ असं लिही. त्यावर विचारलं तर तुला बोलता येईल.

तुझी भीती इंग्रजीची आहे, हे तू लिहिलं नाहीस, पण त्या दिवशी सभागृहात माइक हातात आल्यावर तू तो शेजारणीला दिलास ते मी पाहिलं. तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, खतावणी म्हणजे लेजर पोस्टिंग, कीर्द म्हणजे जर्नल. तुला अर्थ पक्का ठाऊक आहे, फक्त नाव दुसरं शिकायचंय. आमच्या ऑफिसात दिवसभर मराठीच चालते, इंग्रजी लागतं ते ईमेलला. बिल मिळालं नाही, रक्कम जुळत नाही, दुरुस्त करून पाठवा, कधी पाठवाल : अशी पन्नासएक वाक्यं रोज फिरून-फिरून येतात. सीएच्या ऑफिसात बसशील तेव्हा गेलेले ईमेल वाचायला माग आणि ती वाक्यं वहीत उतरवून घे. स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी वाचेल.

पदवी हातात आल्यावर आणखी एक वाट आहे. शिकाऊ उमेदवारी म्हटलं की लोकांना आयटीआय आठवतं, पण बी.कॉम.वाल्यांनाही कारखान्यात अप्रेंटिस म्हणून घेता येतं. कायदा १९६१ चा आहे, आणि तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराला दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. अप्रेंटिसांच्या नोंदणीसाठी केंद्राचं नॅट्स पोर्टल आहे, त्यावर नाव नोंदव. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधरांना महिना १०,००० रुपये होते. तिची भरती सध्या चालू आहे का, ते कोल्हापुरात जिल्हा कौशल्य विकास केंद्रात स्वतः जाऊन विचार. अप्रेंटिसशिप म्हणजे कायमची नोकरी नाही, हे घरच्यांनाही आधीच सांग. पण वर्षभर कारखान्याच्या आत बसायला मिळतं, आणि आमच्याकडची दोन माणसं तशीच आलेली आहेत.

नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. काही मुलं ओळखीच्या दुकानदाराचा सही-शिक्का आणून तो विषय मिटवतात. तू तसं करू नकोस. क्रेडिट मिळतील, पण मी विचारेन की तिथे कोणत्या खात्यात काय लिहिलंस, आणि तेव्हा तो शिक्का उपयोगी पडणार नाही.

नोकरी देण्यासाठी जो पैसे मागेल, त्याच्याकडून उठून ये. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, डिपॉझिट, नाव काहीही असू दे. मी स्वतः १९९४ मध्ये एका एजन्सीला दीड हजार रुपये दिले होते, आईने गाईच्या दुधाचे साठवलेले. महिन्याभराने गेले तेव्हा त्या खोलीला कुलूप होतं. हे आईला मी चार वर्षं सांगितलं नाही.

तुझ्या दोन मैत्रिणी एमपीएससीसाठी पुण्याला निघाल्यात आणि तुझंही मन हलतंय, असं लिहिलंयस. जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण निघण्यापूर्वी कोणत्या वर्षी परत यायचं ती तारीख कागदावर लिहून वडिलांपाशी ठेव. खुल्या गटाला अडतीस वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, त्यामुळे ‘अजून एक प्रयत्न’ म्हणता-म्हणता तिशी उलटलेली मुलं माझ्यासमोर मुलाखतीला बसतात. हुशार असतात. त्यांना काय विचारावं तेच मला कळत नाही.

कोल्हापुरात नोकरी लागली तर रोज एसटीने ये-जा झेपणार नाही. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा आणि बसपास यांची बेरीज आत्ताच मांडून ठेव, म्हणजे पगाराचा आकडा ऐकल्यावर हो-नाही म्हणायला तुझ्याकडे आधार असेल. पहिला पगार कमीच असेल. त्या बेरजेच्याही खाली असेल तर नम्रपणे नाही म्हण.

बायोडेटा नव्याने लिही. एकच पान. फोटो, धर्म, वडिलांचा व्यवसाय, छंद काढून टाक. २० तारखेपर्यंत मी ३बीच्या गडबडीत असते, २१ नंतर पाठव. दूध संस्थेची ओळ सगळ्यात वर हवी, रोज साधारण किती सभासदांचं दूध येतं तो आकडा त्यात घाल. वडिलांना विचारून बरोबर आकडा घाल, अंदाजाने नको.

तुझी,
मॅडम