आधी पेशंट, मग नॉर्मल? जरा थांबा

‘आधी तीस पेशंटचे एमआरआय उरकू, नॉर्मल काय, हॉस्टेलात ढिगाने मिळतील.’ तुमच्या पोस्टमधलं गाइडचं हे वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. (नॉर्मल म्हणजे तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसं.) हेच मीही ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. तुमचा प्रश्न खरं तर स्कॅनमधून मोजमापं काढायला सॉफ्टवेअर कुठलं घेऊ हा आहे. माझ्या मते त्याने फारसं बिघडत नाही. शेजारी बसून शिकवणारं माणूस ज्या सॉफ्टवेअरला मिळेल, ते घ्या.

माझी पीएचडी स्किझोफ्रेनियातल्या कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या सालीच्या, जाडीवर. मशीन हॉस्पिटलचं, आमच्या वाट्याला रात्रीचे आणि रविवारचे स्लॉट. चौदा महिन्यांत सव्वीस पेशंट झाले. एक बाई सांगलीकडून पहाटेच्या एसटीने आल्या, सोबत सासू. आत धातू चालत नाही म्हटल्यावर सासूबाई मंगळसूत्र काढू देईनात. शेवटी गळ्यात हळदीचा दोरा बांधला, तेव्हा ते उतरलं. जोडवी साबण लावून काढायला वीस मिनिटं गेली. एवढं करून सहाव्या मिनिटाला बाईंनी घाबरून बेल दाबली. स्कॅन गेला. पुढच्या महिन्यात त्या आपणहून परत आल्या, हे उपकार मी अजून विसरलेले नाही.

मग नॉर्मल. पोरं पटापट मिळाली, सहा आठवड्यांत काम फत्ते. निकाल इतका देखणा की गाइडनी पेढे मागवले. दोन्ही गट अगदी स्वच्छ वेगळे! शंका तिथेच यायला हवी होती. एनिग्मा या अनेक देशांतल्या मेंदू-संशोधकांच्या गटाने २०१८ साली ३९ केंद्रांतले ४,४७४ पेशंट आणि ५,०९८ निरोगी लोक एकत्र तपासले. पेशंटची साल सरासरीने पातळ निघाली, पण दोन्ही गट एकमेकांत भरपूर मिसळलेलेच होते. म्हणून तर नुसता स्कॅन बघून स्किझोफ्रेनियाचं निदान करता येत नाही. आमच्या सव्वीसांत मात्र येत होतं.

बिंग फुटलं ते माझ्याच डोक्यामुळे. सुरुवातीला सेटिंग तपासायला माझा स्कॅन काढला होता. पुढे एका मुलाने ऐनवेळी टांग दिली, स्लॉट फुकट जाऊ नये म्हणून मीच पुन्हा आत झोपले. आकडे मांडले तर माझं जुनं डोकं पेशंटांत जाऊन बसलेलं, नवं नॉर्मलांत!

मधल्या काळात मशीनची १२ चॅनेलची हेड कॉइल (डोक्याभोवती बसवतात तो सिग्नल पकडणारा भाग) जाऊन ३२ चॅनेलची आली होती, सॉफ्टवेअरही बदललं होतं. मशीन सांभाळणाऱ्या विभागाच्या वहीत तारखेसकट नोंद होती. आम्हाला पत्ता नाही. विचारलं तर म्हणे, ‘रिपोर्टिंगला काही फरक पडत नाही, संशोधनवाल्यांना कळवायचं परिपत्रक नाही.’ त्या एका पानाच्या झेरॉक्ससाठी तीन अर्ज केले आणि एकोणीस दिवस घालवले. दुसरा अर्ज परत आला, कारण त्यावर जावक क्रमांक नव्हता. आजही ‘जावक’ शब्द ऐकला की डोकं फिरतं.

कुणी म्हणेल, कॉम्बॅटसारख्या संख्याशास्त्रीय पद्धतीने मशीनचा फरक काढून टाका. निघतो, पण जुन्या आणि नव्या दोन्ही कॉइलवर दोन्ही गटांतली माणसं असतील तरच. आमचे पेशंट सगळे जुन्या कॉइलवर, नॉर्मल सगळे नव्या. त्यातून आजार किती आणि कॉइल किती, हे कुठलंही गणित सांगू शकत नाही.

तेव्हा पहिल्या आठवड्यापासून एक पेशंट, एक नॉर्मल, त्याच वेळच्या स्लॉटमध्ये. दर महिन्याला त्याच दोन माणसांचा स्कॅन काढा, म्हणजे मशीनमध्ये काही बदललं तर आकड्यांत दिसेल. आणि हॉस्टेलची पोरं नकोतच. वय, शिक्षण, काहीच जुळत नाही. पेशंटसोबत येणारे शेजारीपाजारी जास्त बरे. (सख्खी भावंडं नकोत, जीन्स सारखे.) टेक्निशियनशी मैत्री ठेवा. अपग्रेडची बातमी त्याला ऑफिसच्या आधी लागते.

औषधांचे डोस तारखेनिशी लिहा. अमेरिकेतल्या आयोवातल्या २११ पेशंटच्या २०११च्या अभ्यासात जास्त औषध घेणाऱ्यांत मेंदूतल्या ऊतींचं आकारमान कमी दिसलं होतं, म्हणजे फरक आजाराचा की गोळीचा हा प्रश्न येणारच. मी डॉक्टर नाही, आणि हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नका, प्लीज.

संमतीपत्राचंही बघा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९९ नुसार संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या पेशंटवर असा अभ्यास करायचा तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते, नुसती नवऱ्याची सही पुरत नाही. तुमच्या अभ्यासाला नेमकं काय लागू होतं ते एथिक्स कमिटीकडून लेखी घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

माझा थिसिस शेवटी फक्त सव्वीस पेशंटवर निभावला, लक्षणांची तीव्रता आणि सालीची जाडी एवढाच. नॉर्मलांचे स्कॅन अजून हार्डडिस्कवर पडून आहेत.

गाइडशी वाद घालायचा नसेल तर पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा, ‘सर, मशीनचं अपग्रेड कधी आहे?’ खोलीतल्या कुणालाच माहीत नसेल.