व्हो-ल-व्हिकोंत : दुरून दिसते तेवढीच बाग नव्हे

प्रश्न : आम्ही उभयता पुढील उन्हाळ्यात मुलीकडे पॅरिसला जाणार आहोत. व्हर्सायपेक्षा व्हो-ल-व्हिकोंतचा महाल पाहावा, असे ती सुचवते. गुडघ्यांमुळे मला फार चालवत नाही. महालाच्या पायऱ्यांवरूनच बाग पाहिली तर चालेल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मुलीचा सल्ला उत्तम आहे, परंतु पायऱ्यांवरून परतलात तर बागेचे खरे मर्म हुकेल. आंद्रे ल नोत्र याने ही बाग डोळ्यांना चकवण्यासाठीच आखली. दूरची वस्तू लहान दिसते, म्हणून त्याने दूरचे हौद जवळच्यांपेक्षा मोठे केले आणि जमिनीला असा उतार दिला की, बागेला आडवा छेदणारा जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा कालवा महालातून दिसतच नाही. शेवटच्या चौकोनी हौदाला लागूनच दगडी गुहा आहेत असे वाटते; तेथवर गेल्यावर मात्र मध्ये खोलगट जागा आणि तो कालवा आडवा येतो. पांडवलेणी पायथ्यावरून जवळ भासतात आणि पायऱ्या चढू लागल्यावर अंतर कळते, तसेच काहीसे. फक्त येथे ते भूमितीने मुद्दाम घडवलेले आहे.

मालक निकोला फुके हा चौदाव्या लुईचा अर्थमंत्री होता. 17 ऑगस्ट 1661 रोजी त्याने राजाला येथे थाटाची मेजवानी दिली आणि 5 सप्टेंबरला त्याला नांत येथे अटक झाली. तो थाट पाहून राजा जळला, ही कथा रंजक असली तरी अपुरी आहे, कारण फुकेला दूर करण्याचे त्याआधीच ठरले होते आणि त्यामागे त्याचा दरबारातील प्रतिस्पर्धी कोल्बेर याचा हात होता. फुके 1680 मध्ये कैदेतच वारला. राजाने येथील संत्र्यांची झाडे तर नेलीच, शिवाय ल नोत्र, वास्तुविशारद ल व्हो आणि चित्रकार ल ब्रं यांनाही आपल्या व्हर्सायच्या महालाच्या कामाला लावले. त्यामुळे दोन्ही ठिकाणे पाहणार असाल तर आधी व्होला जावे, असे माझे मत आहे.

1875 मध्ये आल्फ्रेड सोमिए या साखर उद्योजकाने लिलावात ही मालमत्ता घेऊन तिची डागडुजी केली. महाल पॅरिसच्या आग्नेयेस साधारण 55 किलोमीटरवर, मलं या गावाजवळ आहे. बागेत फिरण्यासाठी विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या भाड्याने मिळतात; मुलीला त्यांची आधी चौकशी करायला सांगावे आणि निदान कालव्यापर्यंत तरी जाऊन यावे.