वरणाच्या पाण्यात डाळ कुठे असते?

प्रश्न : माझी मुलगी सात महिन्यांची आहे. जन्मवजन २.७ किलो, गेल्या महिन्यात ६.७, आता ६.८. अंगावर पिते. दिवसातून दोनदा वरणाचं पाणी, पेज देते. शेजारचा मुलगा याच वयात साडेआठ किलोचा आहे. सासूबाई म्हणतात, डब्याचं दूध सुरू कर. काय करू?

उत्तर : शेजारच्या मुलाशी तुलना नकोच, मुली-मुलांचे तक्तेही वेगळे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सात महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ७.६ किलो आहे, आणि ६ च्या खाली गेलं तर ‘कमी वजन’ म्हणतात. तेव्हा ६.८ हा आकडा घाबरण्यासारखा नाही. मात्र या वयात महिन्याला साधारण ३०० ग्रॅम वाढ अपेक्षित असते, तुमच्याकडे १०० झाली. आधी वजन त्याच काट्यावर, कपडे नि लंगोट काढून पुन्हा करा. ओल्या लंगोटानं आणि नुकत्याच पाजलेल्या दुधानंही शे-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो.

वाढ खरंच कमी असेल, तर पहिला संशय वरणाच्या पाण्यावर. डाळ तळाशी राहते, बाळाच्या वाट्याला हळद-पाणी येतं. एवढ्याशा पोटात एका वेळी जेमतेम दोनशे मिली मावतं. ते पाण्यानं भरलं की अंगावरचं पिणंही घटतं.

दोन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ अगदी मऊ शिजवा आणि चमच्यानं घोटा. मिक्सर नको, नाहीतर बाळ गुठळ्या खायला शिकत नाही. चमचा तिरका केल्यावर खिचडी लगेच ओघळली, तर ती पातळ आहे. वाढल्यावर वरून चहाचा एक चमचा तूप. एवढ्यानंच चाळीसेक कॅलरी वाढतात. सुरुवात दोन-तीन मोठ्या चमच्यांनी, मग हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. उकडलेलं अंडं, कुस्करलेलं केळं, रताळंही चालेल. मीठ-साखर वर्षभर नको, आणि मध तर चाटवायलाही नको. त्यातल्या जंतूंनी तान्ह्यांना गंभीर विषबाधा होऊ शकते.

अंगावरचं चालूच ठेवा, डब्याची गरज नाही. सहा महिन्यांनंतर लोह कमी पडू लागतं. आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, १ मिली, आठवड्यातून दोनदा. पुढच्या महिन्यातही वजन अडलं, लघवी दिवसात सहापेक्षा कमी वेळा होऊ लागली किंवा बाळ मलूल वाटलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मलूल बाळासाठी मात्र महिना संपायची वाट पाहू नका.

प्रश्न : जन्मताना ३ किलो असलेलं बाळ पाचव्या दिवशी २.८ भरलं. दूध पुरत नाही का?

उत्तर : तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पहिल्या दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं. तुमचं सातच्या आत आहे. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा. एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या, मग दुसरी. घाईनं बदललं तर शेवटचं साईचं दूध मिळत नाही. दोन आठवड्यांत जन्मवजन परत आलं नाही, तर बाळाची पकड डॉक्टरांना प्रत्यक्ष पाजताना दाखवा.