बारीक ठिपके-रेघा पुन्हा पुन्हा काढून केलेली अमूर्त चित्रं ही कला असते का, की नुसता टाईमपास? सुरुवात कोणत्या पेनाने करावी?

‘टाईमपास’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसले.

आर्ट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत अलिबागजवळ किहीमला मावशीकडे राहिले. ओहोटी लागली की ओल्या वाळूत नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात. वाळूतलं खाणं तोंडाने वेचायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकायची, हा त्यांचा उद्योग. बिळाकडे पळायची वाट तेवढी मोकळी ठेवतात. त्यामुळे बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी किरणांसारख्या पसरतात. शेजारच्या बिळाची हद्द लागली की ओळ थांबते. भरतीत सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला नवीन मांडणी. चार दिवस मी उकिडवी बसून तेच पाहत होते. घरी येऊन 0.2 मिमी टोकाच्या पेनाने तशाच ठिपक्यांनी अर्धा इंपीरियल (साधारण 15 × 22 इंच) कागद भरला. सतरा दिवस लागले.

सरांनी लांबूनच पाहिलं. म्हणाले, “हे भरतकाम झालं. यात चित्र कुठंय?”

माझी आजी गोधड्या शिवायची. धावदोऱ्याचा एक टाका वाकडा गेला तर पुढचे दहा टाके त्याला सांभाळून घ्यायची. ‘भरतकाम’ ही शिवी कशी होते, हे मला आजही कळत नाही.

अमूर्त चित्रं काढणाऱ्या भारतीय चित्रकार नसरीन मोहम्मदी 1990 मध्ये त्याच किहीममध्ये वारल्या. शाई-पेन्सिलीच्या बारीक रेघांवर त्यांनी आयुष्य घातलं आणि 1972 पासून बडोद्याला शिकवलं. 2016 मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय ज्या प्रदर्शनांनी उघडलं, त्यातलं एक त्यांचं होतं. त्यांचं नाव तेव्हा मला माहीत असतं, तर सरांसमोर गप्प बसले नसते.

तर हो, कला आहे. पण आधी आउटलाइन आखून आत ठिपके भरू नका. मागची खूण बघून पुढची काढा. हात चुकला तर खोडू नका, चूक पुढे न्या. पेन 0.1 किंवा 0.2 मिमी टोकाचं, वॉटरप्रूफ शाईचं. कागद गुळगुळीत घ्या, हँडमेडचे तंतू निबेत अडकतात.

छापील मंडल (गोल नक्षी) रंगवून कुणाला शांत वाटत असेल तर खुशाल रंगवावं, माझं भांडण त्यांच्याशी नाही. आणि सलग तासभर बसू नका, मान धरते. पावसाळ्यात कागद दमट झाला की शाई फुटते, तेव्हा पेन्सिलच बरी.