क्युबाबाहेर पडलेला साखरसम्राट

प्रश्न : क्रांतीनंतर क्युबा सोडलेल्या साखर कारखानदारांचे पुढे काय झाले?

उत्तर : त्यांतील सर्वांत मोठे नाव हुलिओ लोबो यांचे. १८९८ मध्ये काराकास येथे जन्मलेले लोबो हवानात वाढले, अमेरिकेतील लुइझियाना येथे शिकले आणि गाळपापासून जागतिक बाजारातील सौद्यांपर्यंत या धंद्याचे प्रत्येक अंग त्यांनी आत्मसात केले. ऑक्टोबर १९६० मध्ये क्रांतिकारी सरकारमधील नेते चे गेव्हारा यांनी त्यांना बोलावून राष्ट्रीयीकृत साखर उद्योगाची सूत्रे सांभाळण्यास सुचवले. ज्याचे कारखाने ताब्यात घ्यायचे त्याच्याच ज्ञानाची सरकारला गरज भासावी, हे मला या हकिकतीत सर्वांत बोलके वाटते. लोबो यांनी नकार दिला आणि कारखाने, जमिनी व नेपोलियनविषयक अमूल्य संग्रह मागे ठेवून ते देशाबाहेर पडले. न्यूयॉर्कमध्ये पुन्हा सुरू केलेला साखरेचा व्यापार काही वर्षांतच दिवाळखोरीत गेला. १९८३ मध्ये माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

क्युबा सोडलेल्या दुसऱ्या एका साखर कारखानदार घराण्याने, फान्हुल कुटुंबाने, मात्र अमेरिकेतील फ्लोरिडात ओकीचोबी सरोवराजवळ जमीन घेऊन उसाचाच उद्योग नव्याने उभारला. १९६० मध्ये अमेरिकेने क्युबाच्या साखरेचा कोटा (आयातीचा ठरलेला वाटा) बंद केल्यामुळे फ्लोरिडातील उसाला मोठी बाजारपेठ मोकळी झाली होती.