सॉफ्टनर आहे आणि प्रेशर नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरातल्या सगळ्या पाण्यासाठी आमच्याकडे एकच सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं मशीन) आहे, बसवून बरीच वर्षं झाली. आधी काहीच त्रास नव्हता पण आता प्रेशर हळूहळू कमी होत चाललंय, वर कोणी शॉवर घेत असेल आणि खाली नळ सोडला की शॉवरचं पाणी जवळजवळ थांबतंच. एक प्लंबर म्हणतो बूस्टर पंप लावा, दुसरा म्हणतो सॉफ्टनरच बदला. मी गेज लावून बघितलं तर सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे आकडा सेम आहे. मग नक्की दोष कुठे?

उत्तर : आधी ते दोन्ही खर्च थांबवा. गेजवर आकडा सेम आला कारण तुम्ही बहुतेक सगळे नळ बंद असताना बघितलंत. पाणी वाहत नसेल तर मधे कितीही अडथळा असू दे, दोन्ही बाजूंचं प्रेशर एकसारखं होऊन बसतं. अडथळा दिसतो तो पाणी वाहायला लागल्यावरच. तेव्हा घरातले दोन-तीन मोठे नळ पूर्ण सोडा आणि मग दोन्ही गेज बघा. आधीच्या गेजचा काटा थोडासाच हलला आणि नंतरच्या गेजचा एकदम खाली आला तर चोर सॉफ्टनरमधेच आहे. आणि दोन्ही काटे बरोबरच खाली पडले तर पाणी मुळात मागूनच कमी येतंय, सॉफ्टनरला दोष देऊ नका. चांगल्या सॉफ्टनरमुळेही थोडं प्रेशर पडतंच, नेहमीच्या वापराला ते साधारण 1 बारच्या आत म्हणजे 15 पीएसआयच्या आत असायला हवं.

गेज नसेल तरी चालतं, बादली आणि घड्याळ पुरे. सॉफ्टनरनंतरचा एक नळ पूर्ण सोडून 10 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा, मग सॉफ्टनर बायपासवर टाका, म्हणजे पाणी त्याच्यातून न जाता थेट घरात येईल, आणि तोच नळ, तीच बादली परत. 30 सेकंदात भरली म्हणजे मिनिटाला 20 लिटर, एक मिनिट लागलं म्हणजे 10 लिटर. यातली एक ग्यानबाची मेख म्हणजे ज्या नळावर मोजताय त्याची जाळी आधी काढून ठेवा, नाहीतर तुम्ही जाळीत अडकलेला कचरा मोजत बसाल आणि बायपास केलं न केलं, फरक काहीच दिसणार नाही.

दुसरी गोष्ट, सॉफ्टनरच्या आधी गाळाचा फिल्टर असेल तर नुसता सॉफ्टनर बायपास करून तो सुटत नाही, पाणी त्याच्यातूनच येत राहतं. लोक इथेच फसतात, बायपास केलं तरी फरक नाही म्हणजे पाइपच खराब असं म्हणून भिंती फोडायला निघतात आणि दोष असतो काळ्याठिक्कर पडलेल्या कार्ट्रिजचा, म्हणजे फिल्टरच्या आतल्या बदलायच्या नळकांड्याचा. तेव्हा ती कार्ट्रिज काढून, हाउसिंग (फिल्टरचं बाहेरचं भांडं) रिकामंच परत लावून एकदा बघा (ही टेस्ट सॉफ्टनर बायपासवर असतानाच करायची, गाळ सॉफ्टनरमधे जाऊ द्यायचा नाही). पाणी सुधारलं तर कार्ट्रिज बदला, आणि 5 मायक्रॉनची लावली असेल आणि ती सारखीच भरत असेल तर 20 मायक्रॉनची, म्हणजे जरा मोठ्या छिद्रांची, लावून बघायला हरकत नाही.

आता समजा बायपासवर पाणी जोरात आलं. मग सॉफ्टनर परत चालू करताना आधी बायपासच्या दांड्या पूर्ण सर्व्हिसवर (पाणी सॉफ्टनरमधून जाईल अशा) आहेत ना बघा, अर्धवट फिरलेली दांडी दिसतही नाही आणि पाणी मात्र निम्मं करते. ते ठीक असेल तर रेझिन. टाकीत जे बारीक सोनेरी-तपकिरी मणी असतात ते रेझिन, पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून त्याच्या बदल्यात सोडियम सोडायचं काम त्यांचं. पाण्यात क्लोरीन जास्त असेल तर वर्षानुवर्षांनी हे मणी फुगतात, मऊ होतात, तुटतात, आणि पाण्याला जायला वाटच राहत नाही. मेकॅनिकला टाकीतून चमचाभर रेझिन काढायला सांगा आणि स्वतः दोन बोटांत चोळून बघा. चांगला मणी कडक आणि गोल लागतो, बोटांखाली घरंगळतो. चिखलासारखा पसरला तर तो गेला, क्लीनरने काही होणार नाही, रेझिन बदला. टाकी आणि व्हॉल्व्ह चांगले असतील तर नुसतं रेझिन बदलून भागतं, अख्खं मशीन टाकून द्यायची गरज नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही. मणी कडक आहेत पण लालसर गंजासारखे झालेत तर लोह बसलंय, त्याला रेझिन क्लीनर वापरून रीजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन परत ताजं करणं) केलं की बराच फरक पडतो.

पंपाबद्दल. अडथळा तसाच ठेवून पंप लावलात तर पैसे गेले आणि अडथळा जागेवरच. पण तुमचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसतं उतारावर येत असेल तर हिशोब वेगळा. टाकीतलं पाणी नळाच्या 10 मीटर वर असेल तर साधारण 1 बार मिळतो, 5 मीटर असेल तर अर्धाच. त्यातून सॉफ्टनरने स्वतःचा वाटा घेतला की शॉवरला काय उरणार? बहुतेक सॉफ्टनरना रीजनरेशनसाठी मिठाचं पाणी ओढायलाच दीड बारच्या आसपास लागतं. अशा घरात पंप खरंच लागतो, फक्त तो सॉफ्टनरच्या आधी बसवा, नंतर नाही, आणि सॉफ्टनरवर लिहिलेल्या जास्तीत जास्त प्रेशरच्या वर जाऊ देऊ नका.

प्रश्न : नळाची जाळी काढली तर आत मोहरीपेक्षा बारीक पिवळट मणी सापडले. वाळू नाहीये. पाणी कमी येतंय ते यामुळेच का?

उत्तर : हो, आणि हे आजच्या आज बघा. रेझिन घराच्या लाइनमधे आलंय. टाकीच्या तळाशी एक जाळीदार बास्केट असते, ती तुटली किंवा मधल्या नळीतून निसटली की मणी पाण्याबरोबर बाहेर पडतात आणि प्रत्येक नळाच्या, शॉवरच्या, वॉशिंग मशीनच्या जाळीत जाऊन बसतात. आधी सॉफ्टनर बायपास करा म्हणजे अजून येणार नाहीत. मग सगळ्या जाळ्या आणि शॉवर काढून ठेवून एकेक नळ पूर्ण सोडा, गार पाण्याचा आधी आणि गरम पाण्याचा नंतर, मणी यायचे थांबेपर्यंत. हे मणी पाण्यात विरघळत नाहीत, तेव्हा आपोआप जातील म्हणून वाट बघू नका. गीझरमधे गेले असतील तर त्याचा तळ धुवून घ्यावा लागेल. हे होईपर्यंत प्यायला या लाइनचं पाणी घेऊ नका. बास्केट दुरुस्त झाल्याशिवाय सॉफ्टनर परत चालू करायचा नाही, नाहीतर पुढच्या आठवड्यात परत तेच.

प्रश्न : आमचं प्रेशर दिवसभर मस्त असतं, फक्त संध्याकाळी तासभर एकदम पडतं आणि पाणीही जड लागतं, साबणाला फेस येत नाही. तेही रोज नाही, दोन-चार दिवसांनी.

उत्तर : सॉफ्टनरचं घड्याळ बघा. रीजनरेशन बहुतेक वेळा रात्री 2 ला लावलेलं असतं, कारण तेव्हा कोणी पाणी वापरत नाही. त्या वेळात मशीन स्वतःच्या बॅकवॉशला (रेझिन उलट्या प्रवाहाने धुवायला) पाणी ओढतं आणि घरात येणारं पाणी सॉफ्ट न होता तसंच येतं, म्हणून फेस नाही. लाइट जाऊन जाऊन घड्याळ मागे पडलं की तेच काम संध्याकाळी, ऐन आंघोळीच्या वेळेला सुरू होतं. वेळ नीट लावा, आणि परत परत चुकत असेल तर व्हॉल्व्हला बॅकअप बॅटरीची सोय आहे का ते बघा, असते पण सेल संपलेला असतो असं फार वेळा दिसतं.