रोज रोज डॉपलर कशाला?

प्रश्न: माझ्या भावाचं लिव्हर ट्रान्सप्लांट होऊन ५ दिवस झाले, लिव्हरचा भाग वहिनीनेच दिलाय. रोज सकाळी आयसीयूत मशीन आणून डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात. काल रात्री आर्टरी (धमनी) नीट दिसत नाही म्हणून लगेच सीटी अँजिओला (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनला) नेलं. त्यासाठी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टने (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणूनच्या औषधाने) किडनीला त्रास होतो असं ऐकलंय, घरात सगळे घाबरलेत. एवढं सगळं खरंच लागतं का?
– एक भगिनी, सांगली

उत्तर: ताई, लागतं. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं, पोर्टल व्हेन आणि हिपॅटिक आर्टरी, पण नव्या लिव्हरच्या पित्तनलिका जगतात त्या आर्टरीच्याच रक्तावर. आणि ही आर्टरी किती, तर घरच्या माणसाने दिलेल्या लिव्हरमध्ये जेमतेम २-३ मिलिमीटर! तिच्यात गुठळी झाली तर पित्तनलिका सडायला लागतात, कधी कधी दुसरं ट्रान्सप्लांट करायची वेळ येते, आणि सुरुवातीला पेशंटला काहीच जाणवत नाही, म्हणून तर रोज बघायचं.

आम्ही बरगड्यांच्या फटीत प्रोब धरतो, क्षणभर श्वास रोखायला सांगतो (टाके ताजे असतात, बिचाऱ्यांना जड जातं) आणि स्क्रीनवर आर्टरीतल्या रक्ताच्या वेगाची लाट शोधतो. चांगल्या आर्टरीची लाट झटकन वर चढते, सावकाश उतरते. तिच्यावरून आरआय (रेझिस्टिव्ह इंडेक्स, म्हणजे रक्ताला पुढे किती विरोध होतोय) नावाचा आकडा काढतात, तो साधारण ०.५५ ते ०.८ हवा. पहिल्या २-३ दिवसांत तो थोडा जास्त आला तर बहुतेकदा आपोआप उतरतो. पण ०.५ च्या खाली गेला आणि लाट बसकी, रेंगाळत चढणारी दिसली तर तपासलेल्या जागेच्या अलीकडे, रक्त येतं त्या बाजूला कुठेतरी आर्टरी अरुंद झालीय असा संशय घ्यायचा.

लाटच मिळाली नाही तर? आर्टरी बंदच असेल असं नाही, सूज, पोटातला गॅस, कमी बीपी यानेही ती लपते. पण वाट बघत बसायचं नसतं, म्हणून रात्रीच सीटी, आणि ते बरोबरच केलं. किडनीची काळजी खोटी नाही, टॅक्रोलिमसचाही (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून देतात ते औषध) तिच्यावर ताण असतो, म्हणून क्रिएटिनिनवर (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्तचाचणी) लक्ष ठेवतात. काही ठिकाणी बारीक बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट देऊन सोनोग्राफी करतात, त्यातला गॅस श्वासावाटे निघून जातो, किडनीवर भार नाही. अडथळा सापडलाच तर जांघेतून तार घालून अँजिओग्राफी करतात आणि तिथेच फुगा किंवा स्टेंट, नाहीतर पुन्हा ऑपरेशन.

डॉक्टरांना विचारा, आर्टरीत रक्त वाहतंय ना, आणि ती जिथे जोडली त्या जोडाजवळ अरुंद आहे का. घरी आल्यावरही डॉपलरची तारीख चुकवू नका, आर्टरी काही महिन्यांनीही अरुंद होऊ शकते. आणि वहिनींजवळ कुणीतरी बसा हो, त्यांचंही मोठं ऑपरेशन झालंय.